निरोपाच्या दिवशीचा ग्रेगरी

माजी विद्यार्थ्याचे मनोगत या लेखनप्रकाराचा एक फार जुना नमुना आपल्या शाळेच्या स्मरणिकेत यावा, असे मनापासून वाटते. इ.स. २३८च्या सुमारास पॅलेस्टाइनमधल्या कैसरिया बंदरात ग्रेगरी नावाच्या तरुणाने घरी परतताना गुरुजींसमोर ग्रीकमध्ये भाषण केले. ते आजही वाचायला मिळते. गुरुजींचे नाव ओरिजेन, आरंभीच्या काळातले ख्रिस्ती पंडित.

ग्रेगरी काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला. निघाला होता बैरूतला, रोमन कायदा शिकायला. मेहुण्याची नेमणूक पॅलेस्टाइनच्या सुभेदाराकडे झाली होती, म्हणून बहिणीला पोहोचवायला तो आणि त्याचा भाऊ असे दोघे कैसरियात आले. तिथे ओरिजेन भेटले आणि बैरूत मागेच पडले.

ओरिजेन तेव्हा पन्नाशीचे होते. जन्म इजिप्तमधल्या आलेक्झांड्रियातला, साधारण १८५चा. २०२ साली ख्रिस्ती म्हणून वडिलांचा शिरच्छेद झाला आणि घरदार सरकारजमा झाले. मागे आई आणि सहा धाकटे भाऊ. या थोरल्याने व्याकरणाच्या शिकवण्या धरल्या. अठराव्या वर्षी बिशप देमेत्रियसने बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची शाळा त्याच्यावर सोपवली. मग त्याने स्वतःजवळचे साहित्याचे ग्रंथ विकले, तेही रोज चार ओबोल मिळतील अशा बोलीवर. ही ग्रीक नाणी: सहा ओबोलांचा एक द्राक्मा. म्हणजे दिवसाला एक द्राक्माही नाही. त्यावर तो राहिला, पण शिष्यांकडून पैसा घेतला नाही.

शिकवण्याची पद्धत ग्रेगरी बारकाईने सांगतो. आधी जमीन पाहणे. चांगला शेतकरी वरवर बघून थांबत नाही, खणून बघतो. तसे गुरुजी प्रश्न विचारत, उत्तर नीट ऐकून घेत आणि कुठे काटेकुटे आहेत ते हेरत. विद्यार्थी मोकाट घोड्यासारखा उधळला, की सॉक्रेटिससारखा एकच प्रश्न टाकून त्याला जमिनीवर आणत. ही नांगरणी झाल्यावर तर्कशास्त्र, मग सृष्टिविज्ञान, भूमिती व खगोल, त्यानंतर नीती, आणि शेवटी पवित्र शास्त्र. मधल्या टप्प्यावर देव नाकारणारे सोडून सगळे तत्त्वज्ञ वाचायचे, एकालाच धरून बसायचे नाही. कारणही ग्रेगरीने दिले आहे: पहिल्यांदा कानावर पडलेले मत मनाला चिकटते आणि माणूस दलदलीत, दाट रानात किंवा चक्रव्यूहात सापडल्यासारखा तिथेच फिरत राहतो. माझ्या मते सगळ्या भाषणातली ही सर्वांत मोलाची जागा आहे.

सगळे शेजारी मांडून मग पाहायचे, ही सवय ओरिजेनच्या सर्वांत मोठ्या कामातही दिसते. त्या कामाचे नाव 'हेक्साप्ला', म्हणजे सहापदरी. बायबलच्या जुन्या कराराचा मजकूर सहा स्तंभांत, एका ओळीत एक-दोन शब्द: हिब्रू, तेच हिब्रू ग्रीक अक्षरांत, मग अक्विला, सिम्माखस, सेप्टुआजिंट आणि थिओदोतियन ही चार ग्रीक भाषांतरे. सेप्टुआजिंट हे ख्रिस्ती मंडळीत चालणारे जुने भाषांतर; बाकीची तीन त्या-त्या भाषांतरकाराच्या नावाने ओळखली जातात. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायाचे चौदावे वचन घ्या. ख्रिस्ती ते येशूच्या कुमारीपोटी झालेल्या जन्माचे भाकीत मानत. हिब्रूत 'आल्मा'. सेप्टुआजिंटमध्ये 'पार्थेनोस', म्हणजे कुमारिका. उरलेल्या तिघांत 'नेआनिस', म्हणजे तरुणी. ज्या शब्दावरून यहुदी आणि ख्रिस्ती यांचा वाद चालला होता, तो असा एका आडव्या ओळीत समोर येई. यहुद्यांशी बोलताना त्यांच्या प्रतीत नसलेले वचन आपण पुढे करू नये, असे ओरिजेनने एका पत्रात स्पष्ट लिहिले आहे.

सेप्टुआजिंटच्या स्तंभाला त्याने खुणा केल्या. हिब्रूत नाही पण ग्रीकमध्ये आहे, तिथे आडवी रेघ. हिब्रूत आहे पण ग्रीकमध्ये गळले, तिथे बहुतेक थिओदोतियनमधून भर घालून फुली, तिच्या चारही कोनांत टिंब. भाग संपला की तिसरी खूण. या रेघा-फुल्या आलेक्झांड्रियाच्या पंडितांनी होमरच्या काव्यासाठी वापरल्या होत्या. व्याकरणाच्या मास्तराला त्या ठाऊकच होत्या. ईयोबाच्या पुस्तकात गळती इतकी, की कधी तीन-चार तर कधी चौदा-सोळा वचने सलग नाहीत. पुढे बिनसले ते नकलनविसांच्या हातून. सहाही स्तंभ उतरवणे कुणाला परवडणार? पाचवा, म्हणजे सेप्टुआजिंटचा, तेवढा उतरवला गेला आणि नकलेच्या नकलेत खुणा गळाल्या. मूळ ग्रीक कोणते आणि ओरिजेनची भर कोणती, हे वेगळे करायला अभ्यासक आजही झटत आहेत. हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून बायबल मराठीत आणण्यासाठी केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. १९२४ला छापून आलेले ते भाषांतर ज्यांनी हाताळले आहे, त्यांना या कामाचे कष्ट वेगळे सांगायला नकोत.

'मूलतत्त्वांविषयी' या ग्रंथाच्या आरंभीच ओरिजेन दोन वाटे करतो: प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, निश्चित सांगितले ते, आणि त्यांनी शोधासाठी मोकळे सोडले ते. जीव देहाआधी होते का, शेवटी सारी सृष्टी देवाकडे परतेल का, हे विचार तो चाचपडत मांडतो. पुढच्यांनी ते ठाम सिद्धांत म्हणून वाचले; त्याच्या काही चाहत्यांनी ते तसे मांडलेही. ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याचे नाव पाखंड्यांच्या यादीत गेले. मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी झालेला हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. याच माणसाने २५०मध्ये रोमन सत्तेने केलेल्या ख्रिस्त्यांच्या छळात गळ्यात लोखंडी कडे आणि पाय खोड्यात चौथ्या भोकापर्यंत ताणलेले, असे हाल सोसले होते. त्यानंतर तो फार जगला नाही.

ग्रंथ नष्ट झाले, बरेचसे लॅटिनमध्येच उरले. पण २०१२मध्ये म्युनिकच्या ग्रंथालयातल्या एका ग्रीक हस्तलिखितात स्तोत्रांवरची त्याची २९ प्रवचने ओळखू आली. ग्रेगरीचे भाषण तगले ते ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याला उत्तर देणाऱ्या गुरुजींच्या 'केल्ससविरुद्ध' या ग्रंथाच्या सोबतीने, एकाच हस्तलिखितात. त्या भाषणाच्या शेवटी तो म्हणतो, आता उठा आणि आम्हाला प्रार्थनेने निरोप द्या. वाटेत सोबतीला चांगला देवदूत मागा, आणि आम्ही पुन्हा तुमच्याकडे परत यावे, हेही मागा.