शाळेच्या मैदानावर दिवे लावायचे होते, एवढंच

आमच्या इथल्या शाळेला थ्रीजी पिच (म्हणजे कृत्रिम गवताचं फुटबॉलचं मैदान) आणि फ्लडलाइटची प्लॅनिंग परमिशन, म्हणजे कौन्सिलची बांधकाम परवानगी, मिळाली एकदाची. पहिली मीटिंग सप्टेंबर २०२३ ला झाली आणि कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीत मतदान मार्च २०२५ ला, म्हणजे दीड वर्ष, आणि अजून जमिनीत एक खड्डा खणलेला नाही. कोल्हापूरला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे दिव्याच्या खांबाला कसली परवानगी, वायरमनला बोलवायचा की." तिला काय सांगणार, इथं वायरमन सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या आधी वटवाघळं मोजणारी बाई येते.

मी इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरात राहतो, नाव मुद्दाम देत नाही. पोरगी इथल्या सेकंडरी शाळेत आहे आणि मी तिथं पॅरेंट गव्हर्नर. म्हणजे फार काही मोठं नाही हां, शाळेच्या समितीवरचा बिनपगारी माणूस. मीटिंगमध्ये विषय निघाला की पिचचं काम कोण बघणार, आणि मी शिवाजी पेठेतला, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलेला, त्यामुळे डोक्याआधी हात वर गेला. सगळ्यांनी इतक्या पटकन "थँक यू" म्हटलं तेव्हाच खरं तर शंका यायला पाहिजे होती.

पिच हवं कशाला तर इथलं गवताचं मैदान नोव्हेंबर ते मार्च म्हणजे चिखलाची शेती असते, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटली की अंधार. थ्रीजी म्हणजे प्लॅस्टिकचं लांब गवत, त्यात वाळू आणि रबराचा चुरा भरलेला, खाली ड्रेनेज, त्यामुळे पावसातही खेळता येतं, पण दिवे नसतील तर हिवाळ्यात त्याचा निम्मा उपयोग नाही. फ्लडलाइट म्हटलं की माझ्या डोक्यात १९९६ च्या वर्ल्डकपची वानखेडेवरची ऑस्ट्रेलियाबरोबरची मॅच, तिथली दिव्यांखालची पहिली, सचिन ९० वर स्टंप झाला ती. घरात टीव्हीसमोर सगळी गल्ली. स्टेडियमच्या मागे राहणाऱ्यांच्या बेडरूममध्ये तो उजेड जात असेल असा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही, माझ्या तर नाहीच.

पहिली चूक आम्ही नकाशावरच केली. अर्जाबरोबर जो लोकेशन प्लॅन जातो त्यात जागेभोवती लाल रेषा काढायची असते. पूर्ण मापाचं पिच बाजूच्या मोकळ्या पट्ट्यासकट १०६ बाय ७० मीटर, म्हणजे पाऊण हेक्टरच्या आत बसतं. पण आम्ही पार्किंग, रस्ता, भविष्यात लागेल म्हणून अजून एक कोपरा, असं सगळं रेषेच्या आत घेतलं आणि क्षेत्र १ हेक्टरच्या वर गेलं. १ हेक्टर झालं की अर्ज 'मेजर' होतो, निर्णयाची मुदत ८ ऐवजी १३ आठवडे, आणि पावसाच्या पाण्याचा पूर्ण हिशोब वेगळ्या खात्याला द्यावा लागतो. आम्ही नेमलेल्या कन्सल्टंटला हे माहीत असायला हवं होतं. त्यानं बिल मात्र वेळेवर पाठवलं. नंतर रेषा आत घ्यायची तर पार्किंगचं काम अर्जातून बाहेर जात होतं, आणि पार्किंगवरच तर शेजारी पेटलेले, म्हणून तसंच पुढं रेटलं.

मग वटवाघळं. मैदानाच्या एका कडेला जुनी हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, आणि चार ओक आहेत, त्या रांगेतून वटवाघळं ये-जा करतात. इथं वटवाघूळ म्हणजे कायद्यानं संरक्षित प्राणी, १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टपासून, आणि काही जातींना उजेड अजिबात चालत नाही, त्या उजेडाची रेषा ओलांडायच्या नाहीत, उपाशी राहतील पण वळून लांबून जातील. सर्व्हे वसंतात, उन्हाळ्यात आणि शरदात करावा लागतो, थंडीत ती झोपलेली असतात. आम्हाला हे कधी कळलं तर नोव्हेंबरात! म्हणजे एप्रिलपर्यंत हातावर हात, आणि वटवाघळांचे आवाज टिपणारे शेवटचे डिटेक्टर सप्टेंबरला उतरले. आमचं जवळजवळ एक वर्ष या एका गोष्टीनं खाल्लं, म्हणून कुणी या वाटेनं जाणार असेल तर आर्किटेक्टच्या आधी वटवाघळांवाल्या बाईला फोन करा, गंमत नाही करत.

तीच बाई पुढं आमची सगळ्यात मोठी मदत ठरली. तिनं साधी गोष्ट दाखवली, दिवे जास्तीत जास्त लागणार नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा वटवाघळं झोपलेली. जूनमध्ये ती बाहेर असतात पण तेव्हा नऊ वाजेपर्यंत उजेडच असतो, दिवे लागतच नाहीत. अडचण फक्त मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची. तेवढ्यासाठी हेजच्या बाजूचे दिवे वेगळ्या स्विचवर आणि उजेड पिवळसर ठेवायचा.

दरम्यान शेजाऱ्यांसाठी शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळ ठेवली. चहा, बिस्किटं, भिंतीवर नकाशे. मला वाटलेलं पोरांच्या खेळाला कोण नाही म्हणेल. दहा मिनिटांत तीन लोकांनी घराच्या किमतीवरून झापलं. घराची किंमत पडेल हा मुद्दा प्लॅनिंगमध्ये धरतच नाहीत, खिडकीतलं दृश्य जाईल हाही नाही, पण ते त्यांना त्या क्षणी ऐकवायचं नसतं, मी ऐकवलं आणि वातावरण आणखी तापलं.

आमच्या लाइटिंग इंजिनियरनं आकडे मांडले. मैदानावर मॅचला सरासरी २०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). लाइटिंगवाल्यांच्या संस्थेच्या मार्गदर्शक नियमाप्रमाणे आमच्यासारख्या उपनगरी भागात घराच्या खिडकीवर रात्री उशिराच्या आधी १० लक्सपर्यंत चालतं, नंतर २. आमचा हिशोब सगळ्यात जवळच्या खिडकीवर २ च्याही आत येत होता. तो खूश, मी खूश. मागच्या रांगेतल्या एक आजीबाई, रिटायर्ड फिजिक्स टीचर, उठून विचारतात, पौर्णिमेच्या चांदण्याचे किती लक्स? इंजिनियर म्हणाला पाव, फार तर. त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्या खिडकीत रोज आठ पौर्णिमा. हॉल हसला, आणि आमची ती संध्याकाळ तिथंच संपली.

त्या आजीबाईंनी जाताना मला सांगितलं, एकदा अंधार पडल्यावर माझ्या बागेत येऊन उभा राहा. दुसऱ्या आठवड्यात गेलो. खरं सांगतो, मला अंधाराची किंमत माहीतच नव्हती, पेठेत रस्त्यावरचा बल्ब गेला की लोक नगरसेवकाच्या नावानं शंख करतात. इथं मैदानाकडची बाजू काळी कुळकुळीत, वर चांदण्या, एक घुबड, बास. आजीबाई तिथं ३१ वर्षं राहतायत. मी काही न बोलता कॉफी पिऊन परत आलो. त्यानंतर प्रत्येक मीटिंगला "नियमात बसतंय" असं कुणी म्हटलं की मला ती बाग आठवायची आणि चिडचिड व्हायची, आमच्याच लोकांची.

लोकांना एक गोष्ट पटवायला जाम त्रास झाला, ती म्हणजे खांबांची उंची. सगळ्यांचं म्हणणं १५ मीटरचे खांब भयंकर, ८ चे लावा. उलट आहे हो. खांब बुटका असला की मैदानाच्या मध्यापर्यंत उजेड न्यायला दिवा वर उचलून आडवा मारावा लागतो आणि तो सरळ समोरच्याच्या डोळ्यात जातो. उंचावरून दिव्याची काच जमिनीला समांतर ठेवून खाली मारता येतो. शेवटी इंजिनियरनं टेबललॅम्प आणला, खाली-वर करून दाखवला, तेव्हा निम्म्यांना पटलं. आकड्यांचं पुस्तक द्यायच्या ऐवजी आधीच टेबललॅम्प आणायला पाहिजे होता.

आवाजाचं वेगळं प्रकरण. स्पोर्ट इंग्लंड या इथल्या सरकारी खेळ संस्थेचा याच विषयावरचा कागद आहे, त्यात अशा पिचच्या बाजूच्या रेषेपासून १० मीटरवर तासाचा सरासरी आवाज साधारण ५८ डेसिबल धरतात आणि घरांपाशी तो ५० च्या आसपास राहावा अशी अपेक्षा. आम्ही पिच शाळेच्या इमारतीकडं ९ मीटर सरकवलं, म्हणजे सगळी ड्रॉइंग परत, आणि बागांच्या बाजूला ३ मीटरचं लाकडी आवाजरोधक कुंपण घातलं. पण सरासरीनं कुणाची झोपमोड होत नाही, होते ती बॉल जाळीवर आदळल्यावर येणाऱ्या ठणाण्यानं, त्यासाठी जाळी आणि खांबांच्या जोडात रबराचे वॉशर. आणि शिव्या? एका गृहस्थांनी लेखी विचारलं होतं की पोरांच्या शिव्यांचे डेसिबल काय. त्याला उत्तर म्हणून आम्ही 'नॉइज मॅनेजमेंट प्लॅन' दिला, त्यात शिवी दिली तर टीमचं बुकिंग रद्द असं लिहिलंय. शाहू स्टेडियमला हा नियम लावला तर हाफटाइमला मैदान मोकळं.

अर्ज ऑक्टोबर २०२४ ला गेला. साइटवर पिवळी नोटीस, २१ दिवस, हरकती आणि पाठिंबा दोन्ही शंभरच्या घरात. पाठिंब्याची बरीच पत्रं एकाच मजकुराची होती, इथल्या फुटबॉल क्लबनं वाटलेली. केस ऑफिसरनं, म्हणजे कौन्सिलच्या अर्ज तपासणाऱ्या बाईनं, नंतर सांगितलं की अशी ५० पत्रं आणि एक पत्र यात तिला फार फरक वाटत नाही, मुद्दा एकच असतो ना.

आणि मग ज्याची कल्पनाच नव्हती ते झालं, स्पोर्ट इंग्लंडचीच हरकत! शाळेच्या खेळाच्या मैदानावर काही बांधायचं तर त्यांना विचारावं लागतं, ते ठीक, पण मला वाटलं खेळाची संस्था खेळाच्या पिचला कशाला नाही म्हणेल. कारण काय तर आमचं पिच सरकवलेल्या ९ मीटरमुळं क्रिकेटच्या बाउंड्रीत घुसलं होतं, आणि ते क्रिकेट बोर्डाचंही मत घेतात. म्हणजे मी, भारतीय माणूस, इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाला पटवतोय की फुटबॉलसाठी क्रिकेटचं थोडं मैदान जाऊ द्या. बायको दोन दिवस हसत होती. त्यांच्या धोरणात पाच अपवाद आहेत, त्यातला पाचवा म्हणजे नवीन सोयीचा खेळाला होणारा फायदा गेलेल्या मैदानाच्या तोट्यापेक्षा जास्त असेल तर चालेल. तो सिद्ध करायला बाहेरच्या किती टीम, किती तास, मुलींच्या किती, सगळं कागदावर, शिवाय मैदानाच्या दुसऱ्या टोकाला क्रिकेटसाठी नवीन कृत्रिम विकेट. तेव्हा हरकत मागे घेतली. यात जानेवारी गेला, मुदत वाढवून घ्यावी लागली.

बायोडायव्हर्सिटीचं पण सांगून टाकतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या अर्जांना निसर्गात १० टक्के वाढ दाखवावी लागते आणि ती ३० वर्षं टिकवायची. आमची वटवाघळं झोपेतून उठायची वाट बघण्यात आम्ही त्या तारखेच्या अलीकडून पलीकडं गेलो. तुडवलेल्या गवतालाही मार्क असतात, ते प्लॅस्टिकनं झाकलं की मार्क गेले, मग ते हेज लावून भरून काढायचे. रबराच्या चुऱ्यावरही बरेच जण बोलले, टायरचा चुरा, मायक्रोप्लॅस्टिक. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये असा चुरा बंद करायचं ठरवलंय, पिचसाठी २०३१ पर्यंत मुदत देऊन, ब्रिटनला ते लागू नाही. पण लोकांचं बरोबर होतं असं माझं मत. आम्ही कडेनं फळ्या, गटारांना गाळण्या आणि बूट झाडायच्या जाळ्या कबूल केल्या. मला कॉर्कचा भुगा हवा होता, खर्चावरून बाकीच्यांनी हाणून पाडला.

कमिटीला बोलायला तीन मिनिटं. विरोधात त्या फिजिक्सवाल्या आजीबाई, बाजूनं मी. त्या आधी बोलल्या, कागद न बघता, आणि म्हणाल्या पिचला माझा विरोध नाही, दहा वाजेपर्यंतच्या वेळेला आहे. आमच्या अर्जात दहा होतं, कारण कन्सल्टंट म्हणालेला जास्त मागा, मग खाली या. मी घरून लिहून नेलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि सांगितलं आम्हाला नऊ चालेल, शनिवारी सहा. मागं बसलेल्या आमच्या हेडमास्तरांचा चेहरा मी बघितला नाही. हेच आम्ही पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये बोललो असतो तर निम्मी पत्रं आलीच नसती असं मला अजून वाटतं. सात विरुद्ध चार, मंजूर.

मंजूर म्हणजे अटींसह. ड्रेनेजचा सविस्तर आराखडा काम सुरू व्हायच्या आधी, दिवे बसल्यावर आणि खेळ सुरू व्हायच्या आधी खिडक्यांपाशी प्रत्यक्ष मोजणी, बाहेरच्या लोकांना पिच वापरू देण्याचा करार, नऊला दिवे आपोआप बंद. तीन वर्षांत काम सुरू करायचं नाहीतर परत पहिल्यापासून. पैशाचा अर्ज फुटबॉल फाउंडेशनकडं गेलाय, ते त्यांच्या गतीनं.

सध्या हातात असलेलं काम म्हणजे हेजची रोपं, ती थंडीत लावायची. आजीबाईंनी परवा गेटवर गाठून विचारलं कुठली लावताय, मी यादी दाखवली, त्यांनी पेन काढून दोन खोडली आणि हेझल लिहिलं. शनिवारी येणार म्हणाल्यात, स्वतःचं फावडं घेऊन.