डॉल्फिन वटवाघळांच्या फांदीवर

गाय आणि डॉल्फिन वंशवृक्षावर शेजारी येतात, हे आमच्या कामात आता गृहीतच असतं. त्यामुळे त्या दुपारी प्रेस्टिन या प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या कड्यांच्या) क्रमावरून काढलेला वृक्ष पडद्यावर उमटला तेव्हा माझी विद्यार्थिनी गोंधळून गेली. डॉल्फिन गाईला सोडून थेट वटवाघळांत जाऊन बसला होता. "सर, फायलींची नावं उलटसुलट झाली असतील का?" तिने विचारलं. आम्ही एकेक क्रम पुन्हा पडताळला. नावं बरोबर होती.

प्रेस्टिन हे आतल्या कानातल्या केसपेशींचं प्रथिन. ते आकुंचन-प्रसरण पावतं आणि आवाज, विशेषतः उंच पट्टीचा, कानातच वाढवला जातो. डॉल्फिन आणि बऱ्याच वटवाघळांसारख्या, प्रतिध्वनी ऐकून शिकार करणाऱ्यांचं सगळं त्यावरच चालतं. हा विचित्र वृक्ष 2010 मध्ये दोन संशोधनगटांनी प्रसिद्ध केला होता, मला तो ठाऊक होता. तरी तिला आधी सांगितलं नाही. असा धक्का ज्याचा त्यानेच अनुभवावा, असं मला मनापासून वाटतं.

मग मी तिला एवढंच सुचवलं: आता अमिनो आम्लं बाजूला ठेव. डीएनएतले काही बदल प्रथिनापर्यंत पोहोचतच नाहीत, अक्षर बदलतं पण अमिनो आम्ल तेच राहतं. निसर्गनिवडीची नजर अशा बदलांवर फारशी पडत नाही. फक्त तेवढेच बदल घेऊन तिने वृक्ष पुन्हा काढला. डॉल्फिन गाईजवळ परतला. वटवाघळांमध्येही उलथापालथ झाली: घोड्याच्या नालेसारख्या नाकाची वटवाघळं प्रतिध्वनीवाल्या इतर वटवाघळांपासून सुटून फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांजवळ गेली. त्यांचं खरं नातं तेच आहे.

दोन्ही वृक्ष शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. एक वृक्ष नातं सांगत होता, दुसरा गरज. अमिनो आम्लांच्या वृक्षाला 'चुकीचा' म्हणून टाकून दिलं असतं, तर अनुकूलनाचा पुरावाच हातचा गेला असता. अर्थात दोन वंशांत एकाच जागी एकच अमिनो आम्ल आलं म्हणून प्रथिनाचं कामही सारखं झालं, हे सिद्ध होत नाही. योगायोगानेही तसं घडतं. त्यासाठी प्रथिन पेशींत घालून तपासावं लागतं, आणि प्रेस्टिनच्या बाबतीत तेही झालेलं आहे.

संध्याकाळी निघताना तिने स्वतःहून यादीत बिनदाती देवमासे घातले. ते प्रतिध्वनीने शिकार करत नाहीत, मग त्यांचं प्रेस्टिन कुणाच्या बाजूला जाईल, हे तिला बघायचं होतं.