आयर्विन यांचा चुकलेला ठोका

वजन नाहीसं झालं की हृदयाची लय बिघडते, असं सरसकट लिहिलं जातं. अपोलो १५ या अमेरिकी चांद्रमोहिमेतले अंतराळवीर जेम्स आयर्विन यांचा ईसीजी आठवला की हे विधान फार ढोबळ वाटतं.

ऑगस्ट १९७१. आयर्विन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड स्कॉट चंद्रावर यानाबाहेरच्या तीन खेपांत मिळून साडेअठरा तास राबले होते. आयर्विन यांच्या सूटमधली पाण्याची पिशवी चाललीच नाही, म्हणजे घाम गाळायचा आणि घसा कोरडा. चंद्रावरून निघाल्यावर ह्यूस्टनच्या डॉक्टरांना बायजेमिनी दिसला: एक नेहमीचा ठोका, त्याला चिकटून एक अवेळी ठोका, मग लांब थांबा, पुन्हा तेच. असा अवेळी ठोका हृदयाच्या खालच्या कप्प्यातून निघाला, तर ईसीजीत त्याच्याआधी पी लहर (वरच्या कप्प्यांची खूण) नसते आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची खूण) रुंद दिसतो. कप्पा पुरता भरायच्या आतच आकुंचन पावल्याने तो मनगटापर्यंत बऱ्याचदा पोचत नाही. ईसीजीवर ८० ठोके असले तरी बोटांखाली ४० च लागतात. अशा वेळी नुसत्या नाडीवर विसंबणं धोक्याचं.

वजनविरहित अवस्थेत पायांकडचं रक्त छाती-डोक्याकडे सरकतं. शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं, तहान मंदावते आणि रक्तातला द्रव घटतो. मग मीठ राखायला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंडं सोडियमच्या बदल्यात पोटॅशियम सोडतात. पोटॅशियम उतरलं की हृदयाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी सावकाश तयार होतात, आणि तेवढ्या फटीत अवेळी ठोका घुसतो. त्यात थकवा आणि अपुरी झोप.

डॉक्टरांचा पहिला संशय पोटॅशियमवरच होता. अपोलो १६ मध्ये, एप्रिल १९७२ ला, खाण्यापिण्यात ते वाढवलं आणि औषधपेटीत लय सावरणारी औषधंही ठेवली. तशी गडबड पुन्हा दिसली नाही. त्या मोहिमेचे प्रमुख जॉन यंग यांना मात्र पोटॅशियम घातलेल्या संत्र्याच्या रसाने गॅसचा त्रास झाला.

तरी सगळा दोष पोटॅशियमला देणंही मला पटत नाही. आयर्विन यांना १९७३ मध्येच हृदयविकाराचा झटका आला. रक्तवाहिन्यांतला अडथळा चंद्रावर जाताना आधीपासून असण्याची शक्यता मोठी. १९८७ मध्ये मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकावरच्या अलेक्झांडर लावेयकिन यांच्या ईसीजीतली अनियमितता स्पेसवॉकच्या कष्टांत दिसली आणि त्यांना ठरल्याआधी खाली आणावं लागलं. म्हणून माझ्या मते ताणाखालचा ईसीजी बसल्या जागच्या ईसीजीपेक्षा कितीतरी मोलाचा.