अक्कांसाठी आणलेले आवाज

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या वाड्यात पहाटेपासून मागांचा खडखडाट सुरू व्हायचा. शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरातल्या अक्का मला 'शंकराभरणम्' हा सिनेमा बघायला घेऊन गेल्या तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेलुगूतलं 'रा' म्हणजे ये आणि 'तिन्नावा' म्हणजे जेवलीस का, एवढंच मला कळायचं. अंधारात अक्का कानाशी लागून सोलापुरी मराठीत सांगत होत्या, "आता बघ, म्हातारा चिडलाय." अर्ध्यावर त्या सांगायच्या थांबल्या. वळून बघितलं तर पदरानं डोळे पुसत होत्या. मलाही मग काही विचारावंसं वाटलं नाही. गाणं चालू होतं.

तो सिनेमा २ फेब्रुवारी १९८० रोजी प्रदर्शित झाला होता. त्याचे दिग्दर्शक के. विश्वनाथ २०२३ साली गेले, तेही २ फेब्रुवारीलाच. त्यातली गाणी गाऊन राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या वाणी जयराम त्यांच्यामागून दोनच दिवसांत गेल्या. आपल्याला त्या 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी'मध्ये कुमार गंधर्वांबरोबर ऐकू येतात. अक्कांना मात्र त्या 'शंकराभरणम्'वाल्या वाणीअम्मा.

विश्वनाथांचं जन्मगाव आंध्रातलं रेपल्ले. तिथं जायचं माझ्या मनात कधीपासून होतं, ते गेल्या फेब्रुवारीत जमलं. निघताना अक्कांच्या पाया पडायला गेले. आता त्यांनी ऐंशी ओलांडलीय, डोळ्यांनी फार कमी दिसतं. म्हणाल्या, "फोटो काढून आणू नको बाई, मला कुठं दिसतंय? आवाज आण."

रात्री सोलापुरात कोणार्क एक्सप्रेस धरली आणि दुसऱ्या दिवशी विजयवाड्याला उतरले. तिथून तेनालीच्या वाटेवर दुग्गिराला लागतं, हळदीच्या बाजारपेठेचं गाव. सांगलीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. तेनालीला स्टेशनबाहेर पेसरट्टू खाल्ला. हिरव्या मुगाचं पातळ धिरडं, पोटात उपमा भरलेला, वर आल्याची आंबटगोड चटणी. रिक्षाच्या रांगेत सगळे चालक खाकी शर्टात उभे होते आणि मला एकदम विश्वनाथ आठवले. सेटवर ते कायम खाकी कपड्यांत असायचे. आपणही इथल्या कामगारांपैकीच एक आहोत, हे डोक्यातून जाऊ नये म्हणून.

आणि कामगार ते होतेच. कॉलेज गुंटूरला करून हा मुलगा मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत लागला तो ध्वनिमुद्रण विभागात. पुढे आदुर्ती सुब्बाराव यांच्या हाताखाली दिग्दर्शन शिकला आणि १९६५ मध्ये अक्किनेनी नागेश्वरराव यांना घेऊन 'आत्मगौरवम्' हा पहिला सिनेमा केला. त्या आधीची कितीतरी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे संवाद आणि दुसऱ्यांची गाणी कानाला यंत्र लावून ऐकण्यात घालवली. हा माणूस मला त्या खोलीतून समजतो. ज्याला नको असलेला खरखराट आधी ऐकू येतो, त्यालाच शांततेची किंमत कळते.

'सिरिसिरिमुव्वा'ची नायिका आठवा. १९७६ चा हा सिनेमा आपण हिंदीत 'सरगम' म्हणून पाहिला, 'डफलीवाले'वर नाचणारी जयाप्रदा. तिला वाचा नाही. पायातल्या घुंगरांनी बोलते. दहा वर्षांनी आलेल्या 'सिरिवेन्नेला'त नायक आंधळा बासरीवादक आणि नायिका मुकी चित्रकार. त्याला तिचं चित्र दिसत नाही, तिला त्याच्याशी बोलता येत नाही. असली जोडी कागदावर ओढूनताणून आणलेली वाटेल. पडद्यावर हरिप्रसाद चौरसियांची बासरी सुरू होते आणि ती शंका मनात राहत नाही. सीताराम शास्त्री या गीतकाराला तर या सिनेमाचं नावच कायमचं चिकटलं.

तेनाली ते रेपल्ले हा रेल्वेचा एक छोटा फाटा आहे. वेमूरु, भट्टिप्रोलु अशी स्टेशनं घेत गाडी रमतगमत जाते. भात निघालेल्या शेतांत उडीद उभा होता. खिडकीच्या गजाला फोन टेकवून मी अक्कांसाठी रुळांचा ठेका टिपला. समोरच्या आजींनी हे काय म्हणून विचारलं. मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं तर हसल्या आणि स्वतःहून गुणगुणायला लागल्या, 'दोरकुना इटुवंटि सेवा'. अशी सेवा पुन्हा लाभेल का? 'शंकराभरणम्'मधले शंकरशास्त्री हेच गाणं गाता गाता व्यासपीठावर प्राण सोडतात. आजींचा सूर हलत होता, ताल मात्र पक्का होता.

रेपल्ले म्हणजे चार बाजारपेठा, देऊळ, सायकली, दुपारची सामसूम. १९ फेब्रुवारी १९३० रोजी इथं जन्मलेल्या माणसाच्या खुणा शोधत मी तासभर हिंडले. हाताला फारसं काही लागलं नाही, पण एका चहाच्या टपरीवर नाव काढलं तर तिघंजण एकदम बोलायला लागले. एकाला 'स्वातिमुत्यम्' आवडतो, तोच १९८६ मध्ये भारताकडून ऑस्करला गेलेला. दुसऱ्याचं म्हणणं, 'सागरसंगमम्'पुढे सगळं फिकं. मीही दुसऱ्याच्या बाजूची. कमल हासनचा तो बाळू, नाचात सर्वस्व असून हाती काहीच न लागलेला, दारू पिऊन पावसात विहिरीच्या काठावर नाचतो तेव्हा छातीत धडधड होते ती विहिरीत पडेल म्हणून नाही. इतकी मोठी कला अशी वाया जातेय म्हणून.

तिसरा हळूच म्हणाला, "स्वातिकिरणम्." मला त्याला नमस्कार करावासा वाटला. गुरूपुढे नतमस्तक व्हायला शिकवणाऱ्या विश्वनाथांनीच १९९२ मध्ये हा सिनेमा केला. त्यातला गुरू आपल्या लहानग्या शिष्याचा मत्सर करतो आणि त्यात ते पोर जिवानिशी जातं. घराण्यांच्या गोष्टी अभिमानानं सांगणाऱ्या आपणा मराठी माणसांनी तर तो आवर्जून बघायला हवा. परंपरेवर इतकं प्रेम असणाऱ्यानंच तिच्या पोटातलं विष दाखवलं, म्हणून ते खरं वाटतं.

रेपल्लेहून पेनुमूडीला कृष्णा ओलांडली. महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी आपली कृष्णा इथं समुद्राजवळ येऊन इतकी रुंद होते की पलीकडचा काठ धूसर दिसतो. पुलावर वारा एवढा की टिपलेल्या आवाजात नुसतं घोंघावणंच आलंय. पलीकडे पुलिगड्डा, मग चल्लपल्ली आणि पुढे कुचिपुडी, त्याच नावाच्या नाचाचं गाव.

कुचिपुडीत पूर्वी पुरुषच सत्यभामा व्हायचे. वेदांतम सत्यनारायण शर्मांचा स्त्रीवेष पाहिलेले लोक ज्या सुरात बोलतात, तो मी आजोबांकडून बालगंधर्वांबद्दल ऐकलाय. एका गुरूंच्या पडवीत शिकवणी चालू होती. आवाज टिपू का म्हणून विचारलं, तर त्यांनी आधी चप्पल काढायला सांगितली, मग मान हलवली. बाराएक वर्षांची मुलगी पितळी तबकाच्या काठावर उभी होती. पायाची बोटं काठावर आवळलेली, टाचा आत, गुडघे वाकवलेले. नारायण तीर्थांचं 'बालगोपाल' तरंगम चालू होतं. गुरूंच्या हातातले छोटे टाळ वाजले की तबक फरशीवर घासत पुढे सरकायचं. खर्रर्र, मग घुंगरं, मग पुन्हा खर्रर्र. तबकाचा काठ एका बाजूला इतका झिजला होता की पितळ तिथं सोन्यासारखं चमकत होतं. किती पोरींचे पाय गेले असतील त्यावरून! एकदा तिचा तोल गेला. ती खाली उतरली, तबकाला हात लावून नमस्कार केला आणि पुन्हा चढली. कुणी काही बोललं नाही.

नंतर तिला विचारलं, मोठेपणी नाचच करणार ना? म्हणाली, "नाही, बँकेची परीक्षा देणार." बाजूला तिची आई कौतुकानं बघत होती. 'स्वर्णकमलम्'मधली मीनाक्षी अशीच होती. कुचिपुडी गुरूची लेक, पण नाचाच्या भरवशावर पोट भरत नाही हे घरातच पाहिलेली. विश्वनाथ तिला मूर्ख ठरवत नाहीत. तिच्या पायातला नाच तिच्याच लक्षात यावा म्हणून सबंध सिनेमाभर थांबतात. मीही त्या पोरीला काही सांगायला गेले नाही. तिला परत तबकावर चढायची घाई होती.

सोलापुरात परतले त्याच संध्याकाळी अक्कांच्या खाटेवर बसून फोन लावला. रेपल्लेची गाडी त्यांनी लगेच ओळखली. आजींचं गाणं ऐकून हसल्या, "कोमटीण दिसतीय, कोमट्यांचा हेल आहे." पुलाचा वारा त्यांना आवडला नाही. मग तबक सुरू झालं. अक्का एकदम गप्प झाल्या. उजव्या हाताची बोटं गोधडीवर ताल मोजू लागली. मध्येच मुलगी पडते तिथं बोटं हवेत थांबली. ती नमस्कार करून चढेपर्यंतची ती शांतता संपूर्ण टिपली गेलीय, हे मला तेव्हा कळलं.

"तेवढंच परत लाव," अक्का म्हणाल्या. "ती गप्प होती ना, तिथनं."