सुरसुर दुसऱ्या स्टेजची, खोट पहिल्या स्टेजमध्ये

पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं. त्या महिन्यांत माझे रेग्युलेटर (सिलिंडरच्या हवेचा दाब दोन टप्प्यांत कमी करून श्वासाला देणारी उपकरणं: पहिली स्टेज सिलिंडरवर, दुसरी तोंडात) इथे नाशिकला स्वयंपाकघराच्या ओट्यावर येतात. यंदा जुन्या बॅलन्स्ड पिस्टन सेटने (पहिल्या स्टेजमध्ये पिस्टन हवा अडवतो तो प्रकार) पाच रविवार खाल्ले, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

तक्रार दोन सीझनची होती. सिलिंडर उघडल्यावर सुरुवातीला सगळं शांत, मग तीन-चार मिनिटांनी दुसऱ्या स्टेजमधून बारीक सुरसुर. मागच्या वर्षी सर्व्हिसिंगला दिला, तिथे दुसऱ्या स्टेजची स्प्रिंग आवळून परत आला. सुरसुर थांबली, पण पाण्याखाली प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागायचा. डाइव्ह संपल्यावर जबडा दुखायचा.

म्हणून या वेळी दुसऱ्या स्टेजला हातच लावला नाही. बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जाकिटाच्या) इन्फ्लेटर होजला आयपी गेज (दोन स्टेजमधला दाब दाखवणारा) जोडला आणि सिलिंडर हळूहळू उघडला. (गेज लावताना किमान एक दुसरी स्टेज जोडलेली हवीच. दाब हाताबाहेर गेला, तर तिचाच व्हॉल्व्ह उघडून हवा सोडतो.) काटा ९.४ बारवर थांबला. पर्ज (दुसऱ्या स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून सोडलं, पुन्हा ९.४. मग चहा टाकला आणि परत येऊन बघते तर १०. पाच मिनिटांनी १०.८. याला आपण क्रीप म्हणतो: व्हॉल्व्ह मिटूनही सिलिंडरची हवा आत झिरपत राहते. दाब वाढत वाढत दुसऱ्या स्टेजच्या स्प्रिंगला भारी पडला की ती सुरसुरते. सुरसुर बिचारी निरोप घेऊन येते आणि आपण तिलाच दाबून टाकतो.

पहिली स्टेज दाबाखालीच बादलीत धरली. समुद्राचं पाणी आत यायची जी भोकं असतात, त्यांतून एकही बुडबुडा नाही. म्हणजे पिस्टनच्या दांड्यावरची हाय प्रेशर ओ-रिंग ठीक. संशय उरला सीटवर (पिस्टनची धार जिच्यावर टेकून हवा अडते ती चकती) आणि पिस्टनच्या धारेवर.

सुटे भाग कोमट पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर घालून धुतले आणि आरओच्या पाण्याने खळबळून घेतले. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पितळेवर राहतात, त्यामुळे शेवटचं पाणी तरी आरओचंच. ओ-रिंगा काढायला लाकडी टूथपिक आणि पितळी हूक वापरते. स्टीलची सुई वापरू नका, खाचेत एक ओरखडा उठला की ओ-रिंग कितीही नवी असो, गळती राहते. ग्रीस ऑक्सिजनला चालणारं, आणि तेही ओ-रिंगेवर चमक येईल इतपतच.

नवी सीट बसवली. नव्या सीटवर धार बसायला थोडा वेळ लागतो, म्हणून पर्ज पन्नास-साठ वेळा दाबलं. तरी क्रीप तसाच. दोन रविवार यात गेले.

तिसऱ्या आठवड्यात पिस्टन रुमालात गुंडाळून सराफ बाजारात ओळखीच्या सोनारकाकांकडे गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पिस्टन दिव्याखाली सावकाश फिरवला आणि एका जागी थांबले. "हे बघा ताई, इथं टवका उडालाय. नखाला लागणार नाही." मी बघितलं. गोल चकचकीत कडेवर खसखशीच्या दाण्याहूनही बारीक खळगा होता, वाकडा उजेड पडला तरच दिसणारा. घासून मिळेल का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "घासून देईन, पण कड सगळीकडून सारखी राहील याची खात्री देणार नाही." त्यांचं ऐकलं. या कडेवर १५०-२०० बारची हवा अडवायची असते, तिथे अंदाजपंचे नको. पिस्टन नवाच मागवला. बऱ्याच कंपन्या सुटे भाग फक्त अधिकृत तंत्रज्ञांना देतात, त्यामुळे शोधाशोधीत वेळ गेला.

नव्या पिस्टनवर काटा ९.५ वर आला आणि थांबला. दहा मिनिटं बसून होते, हलला नाही. त्या दहा मिनिटांत मी चहाही टाकला नाही.

आता कुठे दुसरी स्टेज. माउथपीस वर, डायफ्रामची (श्वास घेताना आत ओढला जाणारा लवचीक पडदा) बाजू खाली धरून पाण्यात हळूहळू उतरवायची. हवा सुटते त्या क्षणी डायफ्राम पातळीखाली जितका असेल, तितक्या सेंटीमीटर पाण्याइतकी ओढ श्वासाला लागते. आवळलेल्या स्प्रिंगवर ५ सेंटीमीटरच्या वर मोजलं. स्प्रिंग सैल केली आणि ऑरिफिस (हवा आत येण्याचं तोंड, ज्यावर दुसऱ्या स्टेजची सीट बसते) पाव-पाव फेऱ्याने फिरवला. दर वेळी पर्ज दाबून धरायचं, नाहीतर ऑरिफिसची कड सीट कापते. लिव्हर (डायफ्राम दबला की व्हॉल्व्ह उघडणारी) डायफ्रामला जेमतेम टेकेल इतकी ठेवली. ३ सेंटीमीटरवर थांबले. आणखी हलकं करता आलं असतं, पण मग प्रवाहात तोंड वळवलं तरी हवा सुटते. ऑक्टोपस (जादा दुसरी स्टेज, अडचणीत जोडीदाराला द्यायची) मुद्दाम ४ वर ठेवला, तो तोंडात नसतो.

शेवटी सिलिंडर बंद करून होजमधला दाब काढला आणि माउथपीसमधून हवा ओढून बघितली. काहीच आलं नाही, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि डायफ्राम हवाबंद आहेत. पुढच्या आठवड्यात पोहण्याच्या तलावात, उभं राहता येईल इतक्या पाण्यात तासभर, सोबत बडी (डायव्हिंगचा जोडीदार). गेज घेऊन जाणार आहे, बाहेर आल्यावर ९.५ पुन्हा बघायचाय.