हा जनरल मोल्टके कोण?

गुरुवार, रात्री साडेअकरा

"हे कुठल्या शाखेत असतात?"

साहेबांनी मला नाही विचारलं. माझ्या शेजारच्याला विचारलं, नुसती मान माझ्याकडे हलवून. समोर टेबलावर टिपण माझंच होतं, परिशिष्टासकट. साहेब त्यातलेच आकडे वाचून दाखवत होते आणि बाकीचे माना डोलावत होते. शेजारच्याने शाखा सांगितली, साहेब "अच्छा" म्हणाले, बैठक पुढच्या विषयावर गेली. यात अपमान शोधायला गेलं तर सापडत नाही. आणि दुपारपासून मी तेवढंच करतोय.

घरी येऊन हिला काही बोललो नाही. आण्णांचा फोन वाजत होता, तोही घेतला नाही. ते वेगळं आहे, त्यावर आज नको.

जेवण झाल्यावर मोल्टके उघडला, प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सेनानीवरचं पुस्तक. हल्ली रात्री तोच चालू आहे, ही त्याला 'तुझा प्रशियन' म्हणते. आणि आज नेमकं तेच पान पुढे आलं, क्योनिगग्रेट्झच्या लढाईचं. ३ जुलै १८६६. प्रशिया विरुद्ध ऑस्ट्रिया, दोन्हीकडचे मिळून चार लाखांवर माणसं एकाच दिवशी रणात. ऐन गर्दीत मान्श्टाइन नावाच्या डिव्हिजन कमांडरच्या हातात हुकूम येतो, मोल्टकेकडून आलेला. तो वाचतो आणि म्हणतो (म्हणे): हे सगळं ठीक आहे, पण हा जनरल मोल्टके कोण?

हा किस्सा मी आधीही वाचलाय आणि दर वेळी हसलोय. आज हसू आलं नाही.

कारण मोल्टके त्या दिवशी पासष्ट वर्षांचा होता. जनरल स्टाफचा, म्हणजे युद्धाची आखणी करणाऱ्या खात्याचा, प्रमुख होऊन आठ वर्षं उलटली होती. सैन्य तीन ठिकाणांहून निघावं, वेगवेगळ्या वाटांनी चालावं आणि लढाईपुरतं एकत्र यावं, ही आखणी त्याची. प्रशियाकडे सरहद्दीपर्यंत जाणारे पाच रेल्वेमार्ग आणि ऑस्ट्रियाकडे मोराव्हियात जाणारा एक, हा हिशेब धरून कुठली पलटण कुठल्या गाडीने कधी निघणार हे ठरवणारं खातं त्याचं. पण हे सगळं कागदावर. स्टाफचा प्रमुख म्हणजे सल्ला देणारा माणूस. हुकूम युद्धमंत्रालयातून जायचे, नाव राजाचं किंवा राजपुत्राचं असायचं. मोल्टकेने थेट सैन्याला हुकूम द्यावेत, ही परवानगी राजाने दिली २ जून १८६६ रोजी. लढाईच्या जेमतेम महिनाभर आधी! मग मान्श्टाइनचं तरी काय चुकलं? त्याने आयुष्यभर दुसऱ्याच सह्या पाहिल्या होत्या.

टिपण लिहिणाऱ्याला कुणी ओळखत नाही, सही करणाऱ्याला ओळखतात. सगळीकडे हे असंच आहे, मला काही आज कळलेलं नाही. तरी.

मग बसून त्याची सगळी नोकरी नव्याने वाचली, माझ्या बाजूचा साक्षीदार उभा करावा तशी. जन्म १८०० चा, मेक्लेनबर्गमधल्या पार्खिमचा. घराणं सरदारी, पैसा नाही. बाप एका इस्टेटीवरून दुसरीवर, नुकसानीतून नुकसानीत. १८०६ मध्ये फ्रेंचांनी ल्युबेक लुटलं त्यात त्यांचं घरही गेलं. बाप डेन्मार्कच्या चाकरीत शिरला होता, म्हणून पोराची रवानगी कोपनहेगनच्या कॅडेट शाळेत. तिथल्या वर्षांबद्दल त्याने पुढे कधी गोडीने लिहिलं नाही. डॅनिश सैन्यात लेफ्टनंट झाला आणि १८२२ मध्ये ती नोकरी सोडून प्रशियात आला. तिथे पुन्हा सगळ्यात खालच्या पायरीवर, सेकंड लेफ्टनंट. आधीची सेवा धरली नाही. (सेवाखंड! हे वाचून मी हिला हाक मारली होती, ती झोपली होती.)

आणि मग ते भाषांतराचं प्रकरण. पगारात भागत नव्हतं आणि अधिकाऱ्याला घोडा तर हवाच. म्हणून या पठ्ठ्याने गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास इंग्रजीतून जर्मनमध्ये आणायचं कंत्राट घेतलं. बारा खंड. दिवसा नोकरी, रात्री गिबन. दीड वर्षात नऊ खंड उरकले. प्रकाशकाने पुस्तक काढलंच नाही, आणि ठरलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाहून जास्त पैसे याच्या हाती कधी आले नाहीत. नऊ खंड म्हणजे हजारो पानं, दौत-टाकाने, मेणबत्तीच्या उजेडात, चुकलं की खोडून वर बारीक अक्षरात पुन्हा. मी माझ्या टिपणाच्या परिशिष्टातल्या एका तक्त्यासाठी एवढा फुगून बसलोय.

इथवर येईपर्यंत मला जवळजवळ बरं वाटायला लागलं होतं. त्याच्यावर अन्याय झाला, माझ्यावरही होतोय, आम्ही दोघं एका बाकावरचे. पाणी प्यायला ही उठली तेव्हा तिला सगळं ऐकवलं. बैठकीतलंही, शेवटी. तिने गिबनपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याने निदान घोड्यासाठी केलं. तू कशासाठी करतोस?" आणि झोपायला गेली.

हे लागलं. उत्तर आहे माझ्याकडे, पण ते रात्री बाराला देण्यासारखं नाही.

खरं म्हणजे बाकबिक काही नाही. मी आपल्या सोयीने त्याला कारकून करून टाकलाय. १८३५ मध्ये हा माणूस रजा काढून फिरायला निघाला आणि पोचला इस्तंबूलला. सुलतान महमूदच्या सैन्याला शिकवायला तिथेच राहिला, तिग्रिस-फरातच्या प्रदेशात नकाशे काढत हिंडला. १८३९ मध्ये निझिपला इजिप्तच्या फौजेशी गाठ पडली तेव्हा त्याने सेनापती हाफिझ पाशाला सांगितलं, ही जागा वाईट आहे, मागे हटा. पाशाने मुल्लांचं ऐकलं. मोल्टकेने मग सल्लागारपण सोडलं आणि तोफा सांभाळायला गेला. लढाई हरले. मी, सल्ला मानला नाही तर, चहाला जातो.

शिवाय हे सगळं कशासाठी चाललं होतं तेही विसरून चालणार नाही. क्योनिगग्रेट्झ आणि चार वर्षांनी फ्रान्सविरुद्ध सेदान, म्हणजे माणसं मारायची वेळापत्रकं. १८८० मध्ये ब्लुंट्श्ली नावाच्या कायदेपंडिताला त्याने लिहिलं की कायमची शांतता हे स्वप्न आहे, आणि सुंदर स्वप्नही नव्हे. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक काही दिवस बाजूला ठेवलं होतं. तोच माणूस एकोणनव्वदाव्या वर्षी, मे १८९० मध्ये, राइशस्टागमध्ये (जर्मन संसदेत) उभा राहून सांगतो की पुढचं युद्ध पेटलं तर ते सात वर्षं चालेल नाहीतर तीस वर्षं, युरोपला काडी लावणाऱ्याचा धिक्कार असो. एकाच माणसात हे दोन्ही कसं राहतं, यावर कधीतरी सवडीने लिहीन.

तर मुद्दा 'कोण?' चा. १८६६ नंतर त्याला तो प्रश्न कुणी विचारला नाही. बक्षीस म्हणून मोठी रक्कम मिळाली, तिच्यातून १८६७ मध्ये सायलेशियात क्रायझाउची इस्टेट घेतली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जमीन. पुढे काउंट, फील्ड मार्शल, पुतळे. पण मारी त्यातलं काय पाहू शकली?

मारी बर्ट. मोल्टकेची बहीण आउगुस्टे एका इंग्रज विधुराला दिली होती, त्याच्या पहिल्या बायकोची ही मुलगी. तुर्कस्तानातून मामा पत्रं पाठवायचा, ती घरात मोठ्याने वाचली जायची आणि ऐकता ऐकता ही पोर त्याच्या प्रेमात पडली, असं सांगतात. १८४२ मध्ये लग्न झालं तेव्हा ती सोळाची आणि तो एकेचाळीसचा. आज हे वाचताना अवघडायला होतं, पण संसार सुखाचा झाला यावर सगळे चरित्रकार एकमत आहेत. मूल झालं नाही. त्याचा हात कधी मोकळा नव्हता, दरबारात बोलणं जमत नव्हतं (सात भाषा येतात आणि सातांतही गप्प बसतो, असं त्याच्याबद्दल म्हणत), लोक ओळखत नव्हते, ती सगळी चोवीस वर्षं हिने काढली. इस्टेट घेतल्यावर वर्षभराने, २४ डिसेंबर १८६८ ला, ती गेली. बेचाळिशीतच.

त्याने क्रायझाउच्या टेकडीवर तिच्यासाठी छोटं समाधिमंदिर बांधलं, आराखडा स्वतः काढून. तिथे असला की रोज टेकडी चढायचा. पुढे घर सांभाळायला आउगुस्टे आली, म्हणजे बहीणही आणि सासूही तीच.

१८८९ च्या ऑक्टोबरात एडिसनचा माणूस, वांगेमान, फोनोग्राफ घेऊन त्या घरी पोचला. ते ध्वनिमुद्रण मी ऐकलंय. खरखर खूप आहे, आणि तिच्याआड एक म्हातारा खणखणीत, शब्द तोडून तोडून बोलतो: या यंत्रामुळे केव्हाच थडग्यात गेलेला माणूसही पुन्हा आवाज चढवून वर्तमानाला नमस्कार करू शकेल. मग 'फाउस्ट' या जर्मन नाटकातल्या ओळी म्हणतो. १८०० म्हणजे काटेकोर हिशेबाने अठराव्या शतकाचं शेवटचं वर्ष. त्या शतकात जन्मलेल्या माणसाचा ऐकू येणारा आवाज आपल्याकडे हा एकच आहे. तो सलग बोलतो, अडखळत नाही. ऐकणारं कुणी जवळ होतं की नाही, असा प्रश्न मला उगाच पडतो. हिला दोन वर्षांपूर्वी जे लागलं होतं त्यानंतर असले प्रश्न मला फार पडतात. असो.

आणि पुतण्या! तोही हेल्मुट, तोही मोल्टके, काकाचाच अॅडज्युटंट राहिलेला. १९०६ मध्ये त्याच खुर्चीवर बसला. त्याला मात्र कुणी विचारलं नाही, हा कोण. नावच पुरेसं होतं. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबरात, फ्रान्समध्ये मार्नच्या लढाईत त्याचा धीर सुटला आणि महिना संपायच्या आत खुर्ची गेली. काकाने राइशस्टागमध्ये ज्याची भीती घातली होती तेच युद्ध, घरच्याच माणसाच्या हातून सुरू. विचारायला हवं होतं कुणीतरी, असं वाटून गेलं आणि आज दिवसभरात पहिल्यांदा मी मोकळा हसलो. साहेबांचं मग एवढं मनावर काय घ्यायचं? त्यांनी निदान विचारलं.

क्रायझाउची गोष्ट तिथे थांबत नाही. पुढच्या पिढ्यांतला आणखी एक हेल्मुट, हेल्मुट जेम्स, आई दक्षिण आफ्रिकेची. हिटलरच्या राजवटीत, हिटलर गेल्यावर जर्मनी कशी असावी याची टिपणं करायला १९४२-४३ मध्ये त्याने तिथे माणसं जमवली. अशा टिपणांवर कोण सही करणार! २३ जानेवारी १९४५ ला त्याला फाशी दिलं. बायको फ्रायाने त्याची पत्रं मधमाश्यांच्या पेट्यांत लपवून वाचवली. ती गेली २०१० मध्ये, अमेरिकेत. गाव आता पोलंडमध्ये आहे, क्शिझोवा नावाने.

मधमाश्यांच्या पेटीत कागद कसा टिकतो, मेण लागत नाही का, हे मला नीट बघायचंय. पण रविवारी. उद्या ज्येष्ठता यादीवर हरकत द्यायची शेवटची तारीख आहे. यंदाही सोडून देणार होतो, काय उपयोग म्हणून. देतो. एका पानात बसेल, मुद्दे दोनच आहेत, आणि खाली सही माझी.