गुलमर्ग स्की लॉग: स्नो-प्लाऊमधून पॅरललकडे, हवामानाच्या मर्जीने

ह्या सीझनला स्कीइंगचं टार्गेट एकच, स्नो-प्लाऊ (स्कीची टोकं जुळवून, मागे फाकवून ब्रेक मारत उतरणं) सोडून पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं. ठाण्यात बर्फ कुठला, त्यामुळे तयारी म्हणजे सोसायटीच्या पोडियमवर इनलाइन स्केट्स आणि रविवारी येऊरचा डोंगर, त्यातही चढण्यापेक्षा उतरण्यावर जास्त भर, कारण स्कीइंगमध्ये मांड्या भरून येतात त्या खाली जाणारं अंग तोलून धरल्यानेच. (वॉचमन काकांना अजून वाटतं आम्ही वेडे आहोत.)

गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा पार अफरवटच्या डोंगरावर, ३९०० च्याही वर. पोचलो तेव्हा कडक ऊन. अशा हवेत दिवसा वितळलेला थर रात्री गोठतो म्हणून सकाळी स्लोप टणक, स्कीची धार (एज) पकडतच नाही, अकराच्या पुढे जरा मऊ होतो तेव्हा खरी मजा, आणि दुपार कलली की तलावपाळीच्या गोळेवाल्याकडचा बर्फ.

मग वेस्टर्न डिस्टर्बन्स आला, म्हणजे पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात बर्फ आणणारी हवामान प्रणाली. रात्रभर बर्फ, सकाळी जोराचा वारा, गोंडोला बंद, आणि वारा पडला तरी अ‍ॅव्हलान्चचा धोका बघितल्याशिवाय वरचा भाग उघडत नाहीत, ते बरोबरच आहे. आमच्यातल्या मंद्याचं तोंड पडलं. बाकीचे खालच्या बेबी स्लोपवर गेलो, तिथली ड्रॅग लिफ्ट (स्कीवर उभ्यानेच वर ओढून नेणारी) चालू होती. प्रकाश इतका सपाट की उंचसखल काही कळेना, गॉगलची काळी लेन्स काढून पिवळी लावली आणि झाडांच्या कडेकडेने राहिलो, झाडं दिसली की निदान उतार कुठे जातोय ते समजतं. इन्स्ट्रक्टर भाई एकच ओरडत होते, "पैर मत देखो, सामने देखो!" आणि पाय बघून तसंही काही दिसत नव्हतं, मग सगळं तळव्यांवर आलं: नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, वजन वळणाच्या बाहेरच्या स्कीवर, आतली आपोआप शेजारी येते. माझा पहिला धड पॅरलल टर्न त्या धुक्यातला आहे. उन्हात मी नुसता वेग एन्जॉय करत होतो, शिकलो काहीच नव्हतो.

आभाळ उघडलं तर गुडघाभर पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, आणि तिथे नियमच बदलतो. सगळं वजन बाहेरच्या स्कीवर टाकलं की ती रुतते, दोन्हींवर जवळपास सारखं लागतं, प्लाऊ तर चालतच नाही. प्रियाला लगेच जमलं, ती मुळातच पाय जवळ ठेवते. मंद्या दर वळणाला पेरला जात होता आणि खूश होता. माझं पावडरमधलं वळण अजून कच्चंच, डावीकडे येतं, उजवीकडे नशीब.

पुढच्या वर्षी स्की भाड्याच्या चालतील, बूट मात्र स्वतःचे. भाड्याच्या बुटात टाच उचलली जाते आणि मग पाय वळला तरी स्की वळत नाही. कोणाकडे मोंडो २७.५ (स्की बुटांचं माप, पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये) चे सेकंडहँड, फार कडक नसलेले बूट असतील तर सांगा, कल्याण ते पनवेल कुठेही येऊन घेऊन जाईन.